उजवा खांदा जरा उतरता

सोमवार, ता. ८

अहो,

पाकीट फोडलंत ना? वन्सं म्हणत होत्या, "वहिनी, दादा तुमची पत्रं उघडतसुद्धा नाही, तशीच टेबलाच्या खणात टाकतो." म्हटलं, टाकू देत. मी काय आज ओळखते का तुम्हाला? वन्सं जिना उतरल्या की तुम्ही दाराला कडी घालणार, खण उघडणार आणि मग चष्मा शोधत बसणार. फ्रिजवर बघा. तिथे नसला तर कपाळावर असेल.

फोनवर येत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. मुलगी फोन लावते, वन्सं उचलतात. नातवाचं बबब ऐकायला तुम्ही रिसीव्हर कानाला लावता हेही मला कळतं, कारण तो दबका खोकला दुसऱ्या कोणाचा असणार? मग मी नुसतं "अहो" म्हटलं की रिसीव्हर परत वन्संच्या हातात! "मग तिकडेच राहा," म्हणून फोन आपटलात त्याला चार महिने झाले. राहिलेय. आता?

आता जरा शांतपणे वाचा. बाळंतपणाला आले होते आणि बाळाला मान धरता आली की परतणार होते, हे कबूल. पण मुलगी कामावर जायला लागली, बाळ आधीच ठरवलेल्या पाळणाघरात, आणि मी दिवसभर खिडकीत. समोरच्या बाजूला एक शिवणाचं दुकान. कपडे आत घ्यायचे, बाहेर सोडायचे, चेन बदलून द्यायच्या, असलं काम. एक दिवस काचेपलीकडे मालकीण कोटाच्या अस्तराशी अशी काही झटापट करत होती की मला बघवेना. गेले, तिच्या हातातून सुई घेतली. झालं. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर.

लग्न झाल्यापासून मी शिवतेच आहे. तुमचे शर्ट, मुलीचे फ्रॉक, अख्ख्या बिल्डिंगच्या साड्यांना फॉल. पण त्याला कधी कोणी काम म्हटलं नाही. "घरीच असते, शिवते जरा." इथे लोक दारात उभं राहून विचारतात, "त्या साडीवाल्या बाई आहेत का? नसल्या तर मी उद्या येतो." अहो, मला आवडलंय हे. फार आवडलंय. तुमच्यापासून लपवून काय करू?

बरं, मुद्द्याचं. इथे उन्हाळ्याने नुसता कहर केलाय. लोकांना सवय नाही आणि घरांना पंखे नाहीत. परवा इस्त्रीच्या वाफेने मालकिणीलाच भोवळ आली, तेव्हा तिने आठवडाभर दुकान बंद ठेवलं. पुढच्या सोमवारी उघडेल, आणि त्याच दिवशी मला तिला सांगायचंय की मी वर्षभर राहणार, की तिकीट काढून परत निघणार. तिला तसं कचेरीत कळवावं लागतं. म्हणजे आठवडा आहे हातात. तुम्ही काय म्हणता ते कळलं असतं तर बरं झालं असतं, पण तुम्ही काही म्हणतच नाही.

मुलगी, जावई, बाळ थंड हवेच्या ठिकाणी गेलेत. "आई, तूही चल," म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं गुडघे दुखतात. माझे गुडघे ठणठणीत आहेत. तिला सांगू नका. खरं म्हणजे मला एकदा बघायचं होतं की घरात मी एकटीच असले तर काय करते. आज सकाळी नऊपर्यंत झोपले! उठून चहा केला, तो पूर्ण गरम असताना प्यायले. जन्मात पहिल्यांदा.

मंगळवार, ता. ९

अहो,

आज मी गुडघ्यापर्यंत पाण्यात बसले होते. भर दुपारी, अंगणात, तीन परक्या माणसांसमोर. बसा आता कपाळावर हात मारून.

ह्या बिल्डिंगच्या मागे फरसबंदीचं लहानसं अंगण आहे, तीन बाजूंनी भिंती, त्यामुळे दुपारी तिथे सावली. तळमजल्यावर एक पियानो दुरुस्त करणारे राहतात. मी त्यांना पियानोवाले म्हणते. उगाच भुवया वर करू नका, ते ऐंशीला टेकलेत. त्यांचं दार अंगणातच उघडतं. उन्हाने लाकूड सुकतं आणि सूर बिघडतात, म्हणून ते प्रत्येक पियानोच्या पोटात पाण्याची वाटी ठेवतात. आणि स्वतः मात्र तासन्‌तास पाणी पीत नाहीत! मी रोज ओरडते. तुम्हीही मोजणीवरून तसेच यायचात, ओठ फुटलेले, तांब्या भरलेला तसाच परत.

तर मालकिणीने दुकानातले कपडे भिजवायचे टब आणले. वरच्या मजल्यावरची एक बाई आहे, शहराची बस चालवते, हिला आपण बसवाली म्हणू. ती नळी घेऊन आली. टब भरले, खुर्च्या मांडल्या आणि चौघंही पाय सोडून बसलो. मालकीण चांगली जाडजूड, तिने पाय घातले की अर्धं पाणी बाहेर. इस्त्रीला पाणी मारायची ती फवाऱ्याची बाटली असते ना, तिने आम्ही एकमेकांच्या तोंडावर पाणी मारलं. शहाण्यासारखं वागायची सगळी वयं उलटून गेलेली माणसं! इतकी हसले की पोटात दुखायला लागलं.

माझी इथली भाषा म्हणजे काय विचारू नका. क्रियापदं सापडत नाहीत, मग हातवारे. बसवालीने विचारलं, तुझा नवरा काय करतो?

"मोजतो," मी म्हटलं.

"काय मोजतो?"

"जमीन. आयुष्यभर दुसऱ्यांची जमीन मोजली. आता रिटायर."

"मग आता काय करतो?"

रुसतो ह्याला शब्द येईना. शेवटी मी हाताची घडी घातली, हनुवटी वर केली आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. तिघांनाही क्षणात कळलं. बसवाली म्हणाली, "असे माझ्या बसमध्ये रोज दोन तरी असतात. उतरायचं ठिकाण आलं तरी उठत नाहीत."

संध्याकाळी टब ओतले, म्हटलं फरशी जरा थंड होईल. तर ते सगळं पाणी वळून पियानोवाल्यांच्या उंबऱ्यापाशी जमा! धावाधाव. फडकी, बादल्या, केरसुणी. ते म्हणाले, वर्षानुवर्षं असंच होतं, बिल्डिंगवाल्यांनी दोनदा फरशी उखडली, उतार कुठे चुकलाय कोणाला सापडत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचे हे असते तर एका सकाळीत सांगितलं असतं."

बुधवार, ता. १०

अहो,

आज दुपारभर फिरले. कुठे, असं विचाराल. कुठेच नाही.

बसवालीची बस आतून गारेगार असते. ती म्हणाली, घरात भाजून निघण्यापेक्षा माझ्याबरोबर चला. मी, मालकीण आणि पियानोवाले जेवून तिच्या बसमध्ये चढलो ते तिची पाळी संपेपर्यंत उतरलोच नाही. ह्या टोकाकडून त्या टोकाला आणि त्या टोकाकडून ह्या टोकाला. बाहेर डांबर वितळतंय, माणसं वर्तमानपत्रं डोक्यावर धरून चाललीयेत, आणि आम्ही आत शाल पांघरून कलिंगड खातोय. प्रत्येक फेरीला बसवाली आरशातून विचारायची, "काय मंडळी, पोचलात का?" आम्ही एका सुरात ओरडायचो, "अजून नाही!" एका म्हाताऱ्या बाईने मला विचारलं, तुम्हाला उतरायचंय कुठे? मी म्हटलं, तेच तर ठरवतेय.

तुम्ही असतात तर वैतागला असतात. "कामाशिवाय वाहनात बसू नये." मग दुसऱ्या फेरीला खिडकीजवळची जागा पकडून दोन थांब्यांमधलं अंतर डोळ्यांनी मोजत बसला असतात. मला माहीत आहे.

पियानोवाले माझ्या पुढच्या सीटवर होते. त्यांच्या शर्टाची कॉलर विरून दोरे लोंबत होते. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या नातीचा कार्यक्रम आहे. ती पियानो वाजवणार, तोही ह्यांनीच सुरात लावलेला. मी विचारलं, तेव्हा घालणार काय? म्हणाले, "हाच. मी मागे बसेन." बायको गेल्यापासून नवा शर्ट घेतला नाही म्हणे. मग मी कसली गप्प बसते? टेप पर्समध्ये असतेच. उभं केलं त्यांना चालत्या बसमध्ये आणि घेतली मापं. मालकीण चिठ्ठीवर लिहितेय, मी दांड्याला धरून टेप लावतेय, बस वळली की तिघंही एका बाजूला, आणि बसवाली मागे न बघता ओरडतेय, "छाती पुन्हा घ्या, वळणावर घेतली होती!" सगळे उतारू आमच्याकडेच बघत होते. एकाने उतरताना पत्ता विचारला, त्यालाही पँट आखूड करून हवी आहे.

आज तुम्ही जेवलात का नीट? वन्सं म्हणतात, दादाची तब्येत अगदी छान, काही काळजी करू नका. काळजी करत नाहीये. विचारलं आपलं.

शुक्रवार, ता. १२

अहो,

लिहायला फार नाही. काल दुकानाच्या मागच्या खोलीत बसून शर्ट कापला आणि शिवलाही. कापड छान होतं, फिकट निळ्या रेघांचं. आज सकाळी पियानोवाल्यांना घालून बघितला. बिघडला. उन्हाने डोकं ठिकाणावर नसतं माणसाचं, दुसरं काय. मालकीण दुसरा कापतेय.

तुम्ही उन्हात बाहेर पडू नका. तिकडेही तापलं असेल.

शनिवार, ता. १३

अहो,

कालच्या पत्रात मी जे लिहिलं ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. आज सगळं सांगते.

काल अंगणातच शर्टाची ट्रायल होती. टब भरलेले, बसवाली कामावर जायच्या आधी मुद्दाम थांबलेली. पियानोवाल्यांनी शर्ट चढवला आणि मी बघतच राहिले. ते उंच, काटकुळे. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. पोटावर एवढा घेर, की आत आणखी एक पियानोवाले मावले असते. बिचारे हात मागे बांधून म्हणाले, "छान आहे, हवेशीर आहे."

मालकीण त्यांच्याभोवती एक चक्कर मारून आली. तिने उजव्या खांद्यावर बोट ठेवलं, तिथे कापड चुरगळून ओढलं गेलं होतं. म्हणाली, "हा खांदा तू उतरता का कापलास? ह्यांचे तर दोन्ही सारखे आहेत."

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

अहो, उजवा खांदा जरा उतरता. नोकरीभर त्या मोजणीच्या तिपाईचं ओझं त्याच खांद्यावर वाहिलंत, म्हणून. बाही आखूड, कारण तुमचे हात आखूड. गळा मोठा, कारण पहिलं बटण काचतं म्हणून तुमची रोजची कटकट. मापांची चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तिच्याकडे बघतही होते, निदान मला तसं वाटत होतं. मालकिणीशी गप्पा मारत कात्री चालवली आणि हात आपला वाटेने गेला, ज्या वाटेने इतकी वर्षं गेलाय. परदेशात, दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्या माणसासाठी बसून मी तुमचा शर्ट शिवला. अगदी तुमचा.

मालकीण म्हणाली, "मग कोणाचा आहे हा?"

म्हटलं, "आमच्या ह्यांचा."

बसवालीने हसत हसत विचारलं, "मग त्यांनी घालायला इथे नको होतं का?"

तिने गंमतच केली होती हो. पण मला असं रडू फुटलं, असं रडू फुटलं की टबातल्या पायांसकट हलले. चार महिन्यांचं साठलेलं होतं. सगळ्यांना तोऱ्यात सांगत होते की रुसलेत, रुसू देत. मुलीसमोर तर हूं की चूं केलं नव्हतं. मालकिणीने मला जवळ घेतलं, बसवाली "सॉरी, सॉरी" करत उभी. पियानोवाल्यांनी शर्ट हळूच उतरवला, बटणं परत लावली, हँगरवर घालून आपल्या कारखान्यात सावलीला टांगला. म्हणाले, "उन्हात रंग उडेल. ज्याचा आहे तो येईपर्यंत राहू दे माझ्याकडे."

काल हे लिहायला हात धजला नाही. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, बघ, करमत नाही ना माझ्याशिवाय! तर म्हणा. नाही करमत.

आज संध्याकाळी कार्यक्रमाला गेलो चौघंही. मालकिणीने रात्री जागून शिवलेला शर्ट पियानोवाल्यांना चपखल बसला. ते मागे बसायला निघाले होते, मी त्यांना पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. नात वाजवत होती आणि हे डोळे मिटून एकेका सुराला मान हलवत होते, पियानो बरोबर बोलतोय की नाही ते बघत. शेवटी तिने स्टेजवरून त्यांच्याकडे हात केला, तेव्हा सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले आणि हे मागे वळून बघताहेत, कोणासाठी वाजवतात म्हणून. मी त्यांना कोपराने ढोसलं. म्हटलं, अहो, तुमच्यासाठीच!

परत येताना वाटलं, माणसाला एकदा तरी असं पुढच्या रांगेत बसवावं. तुम्हाला कोणी बसवलं नाही. मलाही नाही.

रविवार, ता. १४

अहो,

आज सकाळपासून मी लिहितेय आणि फाडतेय. केराची टोपली भरली. आता जे लिहीन ते पाठवीन.

उद्या मालकिणीला मी हो म्हणणार आहे. एक वर्ष राहणार. तुमच्या उत्तराची वाट बघून झाली, आता माझं मी ठरवलं. पुढच्या उन्हाळ्यात परत, हे नक्की, आपल्या घरी, आपल्या ओट्याशी. पण हे एक वर्ष मला पाहिजे. दुकानात शिरल्यावर मालकीण नवा कोट माझ्यापुढे टाकते आणि विचारते, "काय करता येईल ह्याचं?" तेव्हा मला जे वाटतं, ते मला आणखी थोडे दिवस वाटायला हवंय.

आणि तुम्हीही पाहिजे. इथेच घोडं अडलंय. सगळ्यांना वाटतं, एक निवड. वन्संना वाटतं, मुलीला वाटतं, तुम्हाला तर वाटतंच. मला दोन्ही पाहिजे. हे काम पाहिजे आणि तुम्ही पाहिजे. हावरी म्हणा हवं तर.

"मग तिकडेच राहा," असं तुम्ही म्हणालात. "तुम्ही इकडे या," असं मात्र आपल्या दोघांपैकी कोणी म्हटलंच नाही. आज मी म्हणते. या. घर लहान आहे, पण बैठकीच्या खोलीत तुमची खुर्ची मावेल. नातू बसायला लागलाय, त्याला पकडायला माणूस हवा. अंगणाचा उतार चुकलाय, तो कोणाला सापडत नाही. बसवाली म्हणते, तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा राखून ठेवीन. पासपोर्ट नाही, परदेश नको, हे खाणं झेपत नाही, सगळं माहीत आहे मला. तरी या.

सोबत शर्ट पाठवतेय. जावयांचा मित्र मंगळवारी तिकडे यायला निघतोय, तो आणून देईल. पियानोवाल्यांना सोडवत नव्हता, पण मी म्हटलं, ज्याचा आहे त्याच्या अंगावर जाऊ दे. ट्रायल न घेता दिलेला शर्ट हा, तरी पैज लावते, तुम्हाला सुईच्या टोकाइतकाही चुकायचा नाही. घालून बघा. आणि कसा झालाय एवढं तरी कळवा. माझ्याशी नाही बोललात तरी चालेल, शर्टाबद्दल बोला.

तुमचीच, आणि हे काही मी वेगळं लिहायला नको

सोमवार, ता. २९

अहो,

शर्ट पोचून आठवडा झाला. जावयांचा मित्र म्हणाला, तुमच्या हातात दिला, तुम्ही "बरं" म्हणालात आणि दार लावलंत. बरं! एवढ्या लांबून आलेल्या शर्टाला एक "बरं".

वन्संना विचारलं तर त्या घाईघाईने म्हणाल्या, "दादाची तब्येत छान आहे." मी तब्येतीचं विचारलंच नव्हतं. वन्संना खोटं बोलता येत नाही. काय लपवताय तुम्ही दोघं?

ऊन जरा उतरलंय. दुकान सुरू झालं. टब परत कपडे भिजवायला गेले. पियानोवाले रोज सकाळी विचारतात, काही आलं का? मी मान हलवते. मग ते आत जाऊन एकच सूर बडवत बसतात. आता तर बसवालीही विचारायची थांबली.

मला रागवा, पण काहीतरी लिहा हो.

शुक्रवार, ता. ९

तुझे ता. १४ चे पत्र व सोबतचे पार्सल मिळाले. तसेच त्या आधीची व नंतरची पत्रेही मिळाली. सर्व वाचली आहेत. चष्मा फ्रिजवरच होता.

उत्तरास विलंब झाला, कारण काय लिहावे ते समजत नव्हते. मी चार वेळा लिहिले. तुझ्याकडे टोपली भरली म्हणतेस, इथेही तेच.

शर्टाबाबत. उजवा खांदा बरोबर उतरवला आहेस. बाह्या बरोबर. परंतु पैज तू हरलीस. पोटावर सैल होतो. छातीत सैल. गळ्यात दोन बोटे सहज जातात. शिवण्यात चूक नाही. माप जुने आहे. मी आता त्या मापाचा राहिलेलो नाही. भात मला जमत नाही, खाली लागतो नाहीतर कच्चा राहतो, आणि एकट्यासाठी पुन्हा लावायचा कंटाळा येतो. धाकट्या बहिणीला मीच सांगितले होते की तब्येत छान आहे असे कळवत जा. तिच्यावर रागावू नये.

तू तिकडे राहिलीस म्हणून मी रागावलो नव्हतो. थोडा रागावलो होतो. जास्त करून असे वाटले की तुला आता इकडचे काही लागत नाही. शर्ट घालून आरशासमोर उभा राहिलो तेव्हा तसे नाही हे समजले. हे फोनवर बोलणे मला जमले नसते.

आता नवीन मापाबाबत. टेप काढून मी स्वतःचे माप स्वतः घेण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी वेगळे येते. तसेच त्या अंगणाच्या उताराबाबत तू जे लिहितेस त्यावरून नक्की काही सांगता येत नाही. पाणी उंबऱ्याशी जाते म्हणजे दोष उंबऱ्याशीच असेल असे नाही. भर उन्हात कशाला जाता, असे तू दर उन्हाळ्यात विचारायचीस आणि मी जे उत्तर द्यायचो ते तुला पाठ असेल. मोजणी घरी बसून होत नाही. जागेवर जावे लागते.

सबब, येत आहे. कागदपत्रे होण्यास लागेल तेवढा वेळ लागेल. उतार तपासण्यास पाणसळ आणि दोरी बरोबर आणतो. त्या पियानोवाल्यांना सांग, तोवर उंबऱ्याशी पोते टाकून ठेवा. खिडकीची जागा राखून ठेवावी.

ता. क. पासपोर्टसाठी फोटो काढला, त्याची एक प्रत सोबत जोडली आहे. अंगात तुझाच शर्ट आहे. फोटोवाला म्हणाला, "काका, गळ्याचं बटण लावून घ्या." मी म्हटले, "लावलेलेच आहे."